अडीच फेरे सैल

"सर, ही कपाटातली गाडी खरंच चालते, की नुसती पाहुण्यांना दाखवायला ठेवलीय?"

मित्रांनो, आमच्या प्रयोगशाळेत इतक्या मोठ्या आवाजात प्रश्न विचारला गेल्याचे मला तरी आठवत नाही. विचारणारी मुलगी पुढच्या बाकावरची होती, पण तिला पुढे ढकलणाऱ्या दोघी मागच्या बाकावर तोंडापुढे वही धरून फिदीफिदी हसत होत्या. एक उंच, तिला सगळे लांबडी म्हणतात. दुसरीच्या नाकावर जाड चष्मा, ती चष्मिष. मधल्या सुट्टीत या दोघींनी पैज लावली होती, "विचारून दाखव. नाही विचारलंस तर सोमवार ते शुक्रवार आमची दप्तरं तू उचलायची."

विचारणाऱ्या मुलीला भिंगरी म्हणतात. गेल्या वर्षी ती हजेरीला "हजर" म्हणतानाही मान खाली घालायची. यंदा तिला काय झाले कोण जाणे, ती वर्गात शिरली की बाकेसुद्धा सावरून बसतात.

सरांनी हातावरचा खडू झटकला. कपाटाकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले.

"चालते का?" ते म्हणाले. "चांगला प्रश्न आहे. मला माहीत नाही."

आणि खरे सांगू का? मलाही माहीत नव्हते.

मी एक छोटी गाडी आहे. माझी लांबी तुमच्या कोपरापासून बोटांपर्यंत. मला रिमोटने चालवतात, पण माझ्या पोटात खेळण्यातल्यासारखी मोटर नाही. आगपेटीहून थोडे मोठे, पण खरेखुरे, आवाज करणारे, धूर सोडणारे इंजिन आहे. ते नायट्रो नावाचे इंधन पिते. माझ्या खोक्यावर लिहिले होते की मी वाऱ्याशी शर्यत लावते. मी ते वाक्य कारखान्यात वाचले आणि लगेच त्यावर विश्वास ठेवला. तेव्हा मी अगदीच नवी होते.

मला प्रथम विकत घेणारा याच शाळेचा एक माजी विद्यार्थी होता. त्याने मला अंगणात ठेवले, इंजिन चालू करायची दोरी ओढली, मी खोकले, आणि पुढच्याच क्षणी त्याने रिमोटचा घोडा पूर्ण दाबला. मी किंचाळत भिंतीपर्यंत गेले, तापले, आणि बंद पडले. त्याने आणखी दहा वेळा दोरी ओढली. मग कपाळाचा घाम पुसून तो म्हणाला, "छे, बिघडलेली दिली." पुढच्या महिन्यात त्याने मला शाळेला भेट दिले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर नऊ वर्षे मी काचेच्या कपाटात होते. एका बाजूला लोलक, दुसऱ्या बाजूला तडा गेलेला पृथ्वीचा गोल. माझ्यापुढे पाटी, 'हात लावू नये'. दर प्रदर्शनात पाहुणे काचेला नाक लावून "वा! काय सुंदर गाडी!" म्हणत आणि पुढे जात. माझे कौतुक आणि माझी उपेक्षा एकाच वेळी, एकाच कपाटात चालू होती. दोन्हींत फरक काय, हे मला कधी कळले नाही.

तर, सर त्या सोमवारी पुढे म्हणाले, "शनिवारी सकाळी भंगारवाला येतोय. नवीन सामान येणार आहे, कपाटं रिकामी करायचीत. हिचंही नाव यादीत आहे. त्याआधी हिला चालवून मैदानाला एक पूर्ण फेरी मारून दाखव. मी नाव खोडतो."

"मारून दाखवते!" भिंगरी म्हणाली.

"तुला इंजिन चालू करता येतं?"

"अजून नाही, सर."

मागच्या बाकावरच्या वह्या खाली आल्या. हसणे थांबले होते. मी मात्र 'भंगार' या शब्दापाशीच अडकले होते. मी चालत नाही म्हणून भंगारात जाणार होते, पण मला न चालवता कपाटात कुणी ठेवले होते? मी नव्हते ठेवले.

संध्याकाळी भिंगरी आणि तिची आई मला घेऊन एका दुकानात गेल्या. छताला लाकडी विमाने टांगलेले ते दुकान होते. भिंगरीची आई दवाखान्यात नर्स आहे. तिने दुकानदारकाकांसमोर मला ठेवले आणि म्हणाली, "बघा जरा. पेशंट नऊ वर्षं झोपून आहे."

काकांनी माझी टाकी धुतली, नवा ग्लो प्लग बसवला. ग्लो प्लग म्हणजे एक इवलीशी तार. बॅटरीची दांडी टोचली की ती लाल होते आणि तिच्यामुळे इंधन पेटते. मग त्यांनी बोटाने माझ्या इंजिनाचे चाक फिरवून पाहिले. आत दट्ट्या वर चढताना अडखळला.

"ही तर नवीनच आहे," काका म्हणाले.

"नऊ वर्षांची आहे," भिंगरी म्हणाली.

"वय झालंय गं, पण वापर कुठे झालाय? अर्धी टाकीसुद्धा जळली नसेल. नव्या इंजिनाला आधी रांगायला शिकवायचं असतं." त्यांनी माझ्या बाजूची पितळी सुई दाखवली. दिसायला अगदी स्क्रू. "हिच्यावर सगळं आहे. हलक्या हाताने पूर्ण बंद कर, मग अडीच फेरे उघड. इंधन भरपूर जातं, धूर भरपूर येतो. इंधनातच तेल असतं, त्याने आतले भाग एकमेकांशी जुळतात. पहिल्या चार टाक्या अशाच जाळायच्या. हिला खोकू दे, अडखळू दे. पळवायचं नाही. मोह झाला तरी नाही."

मी गोंधळले. मी जुनी होते की नवी? आणि वाऱ्याशी शर्यत लावणारीने रांगायचे कसे?

घरी आल्यावर भिंगरीने काकांचे पत्रक समोर ठेवून सुई बंद केली आणि मोजून अडीच फेरे उघडली. आईने इंधनाचा डबा इमारतीमागच्या पंपाच्या खोलीत कुलूप लावून ठेवला. "चूल आणि हा डबा एका छताखाली नकोत. अंधार झालाय, आता जे काय ते उद्या," ती म्हणाली. मला मागच्या गॅलरीत स्टुलावर ठेवले. मी आनंदात होते. अडीच फेरे! नऊ वर्षांत पहिल्यांदा माझा गळा मोकळा झाला होता.

आता मित्रांनो, इथून पुढे जे घडले ते नीट ऐका, कारण मला ते अजूनही नीट समजलेले नाही.

भिंगरीचे बाबा लिफ्टची देखभाल करतात. एकवीस वर्षे झाली. त्यांच्या लिफ्टमध्ये आजवर कुणी अडकलेले नाही, हे ते वर्षातून एकदाच सांगतात, पण तेव्हा ताठ बसून सांगतात. त्यांना एक सवय आहे. सकाळी चहाला आधण ठेवले की ते खिशातला छोटा पेचकस काढून घरभर एक चक्कर मारतात. कुकरचा दांडा, खिडकीची कडी, आजीच्या चष्म्याची काडी, खुर्चीचा पाय. जिथे काही सैल, तिथे दोन वळसे. चहा उकळेपर्यंत घर घट्ट झालेले असते. कुणी पाहत नाही. ते कुणाला सांगत नाहीत.

मंगळवारी सकाळी ते गॅलरीत आले. माझ्यापुढे वाकले. त्यांच्या बोटांना ग्रीसचा छान वास येत होता.

"अरेच्चा," ते हळूच म्हणाले, "पोरीच्या गाडीचा स्क्रू सैल आहे की."

आणि त्यांनी अगदी प्रेमाने, पेचकसाच्या टोकाने, माझी सुई पूर्ण बंद केली.

संध्याकाळी भिंगरी मला मागच्या अंगणात घेऊन गेली. आधी रिमोट चालू केला, मग मला. टाकी भरली. प्लगला बॅटरी लावली. दोरी ओढली. मी फट्‌ केले आणि विझले. पुन्हा दोरी. पुन्हा फट्‌. नळीत असेल तेवढे थेंबभर इंधन जळत होते आणि त्यापुढे वाट बंद होती.

"अडीच फेरे आहेत ना?" भिंगरी स्वतःशीच म्हणाली. "कालच तर मोजलेत." पत्रकात लिहिले होते, पेटून विझत असेल तर सुई किंचित उघडा. तिने किंचित उघडली. मग आणखी किंचित. तिसाव्या की चाळिसाव्या दोरीला मी एकदम पेटले आणि किंचाळू लागले! धूर नाही, खोकला नाही, नुसती किंकाळी. भिंगरी उड्या मारत होती. मला वाटले, हेच माझे काम असावे. पण माझे डोके भाजत होते.

तेवढ्यात आई ड्यूटीवरून आली. तिने बोट ओले करून माझ्या डोक्यावर एक थेंब टाकला. चर्र! थेंब दिसेनासा झाला.

"बंद कर आधी," आई म्हणाली. "ताप आहे हिला."

भिंगरीने इंधनाची नळी चिमटीत दाबली आणि मी थांबले. "मी साडेतीन फेरे उघडलेत, आई. तरी कमी पडतंय? पत्रक चुकलंय की मी?"

"की गाडी?" आई म्हणाली.

मला फार वाईट वाटले. मी मिळेल तेवढ्यात जळत होते. साडेतीन कुठले, जेमतेम एक फेरा उघडा होता. पण मला बोलता कुठे येते?

बुधवारी सकाळी बाबा पुन्हा आले. "पुन्हा सैल?" त्यांच्या कपाळाला आठी पडली. "कंपन होत असणार." पुन्हा बंद. संध्याकाळी भिंगरीने दोरी ओढली तर साधे फट्‌सुद्धा नाही. तिचा संयम सुटला. रागारागाने तिने सुई चार फेरे उघडली, धुराड्यावर बोट ठेवले आणि ओढत राहिली. आता इंधन माझ्या नाकातोंडात गेले. डोके पूर्ण भरले, आणि दोरी जागच्या जागी अडकली. ओढली तरी हलेना.

"आई गं! मोडली!"

आई कणकेच्या हाताने धावत आली. तिने माझ्याकडे एक नजर टाकली. "मोडली नाही, घुसमटलीय. प्लग काढ. उलटी कर. आता ओढ."

भिंगरीने ओढली. माझ्या डोक्यातून इंधनाची अशी पिचकारी उडाली की वाळत घातलेल्या बाबांच्या खाकी गणवेशावर नक्षी उमटली. मला एकदम हलके वाटले. आईने गणवेशाकडे पाहिले, मग लेकीकडे.

"धुणार कोण?"

"मी."

"आणि इंधन घातलं कोणी एवढं?"

"मीच. पण काल कमी पडत होतं, आज जास्त झालं! आई, ही गाडी रोज वेगळीच असते. काल एक, आज दुसरीच."

मित्रांनो, तुम्हीच सांगा. संध्याकाळी एक हात मला उघडायचा, सकाळी दुसरा हात बंद करायचा. दोन्ही हात प्रेमाचे. मला वाटू लागले, की खिडक्या जशा संध्याकाळी लावतात आणि सकाळी उघडतात, तशी माझी काहीतरी उलटी रीत असेल. पण मग दोघेही माझ्यावर का चिडतात? मी कुणाचे ऐकायचे?

गुरुवारी सकाळचा तोच कार्यक्रम झाला. संध्याकाळी भिंगरी मात्र शांत होती. तिने पत्रक पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचले, जणू काही कालपर्यंत काही केलेच नव्हते. सुई बंद करायला गेली, तर ती आधीच बंद. "हे कसं?" ती पुटपुटली. मान हलवली आणि मोजून अडीच फेरे उघडले. दोरी ओढली. एकदा. दोनदा.

तिसऱ्यांदा मी जागी झाले.

किंकाळी नाही. फट्‌-फट्‌-बडबड-फट्‌. मागून निळसर, तेलकट, दाट धूर. मी थरथरत होते, खोकत होते, आणि मला कुठेच दुखत नव्हते. अंधार पडेपर्यंत आम्ही उभ्या जागी पाव टाकी जाळली. आईने थेंब टाकला तर तो सावकाश उकळला आणि सावकाश उडाला. "ताप उतरला," ती म्हणाली. भिंगरीने आईच्या लाल नेलपॉलिशने सुईच्या डोक्यावर एक ठिपका काढला आणि त्याच्यासमोर माझ्या अंगावर एक रेघ. "आता ही हलली तर मला कळेल."

शुक्रवारी सकाळी बाबांनी ठिपका पाहिला. "वा, छान रंगवलंय," ते म्हणाले. मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. "चौथ्यांदा सैल. हे काही खरं नाही." ते आत गेले आणि कामाच्या पिशवीतून एक छोटी बाटली घेऊन आले. लिफ्टचे स्क्रू कंपनाने हलू नयेत म्हणून त्यांच्या आट्यांना लावतात तो निळा थेंब. वाळला की स्क्रू जागचा हलत नाही. त्यांनी माझी सुई बंद केली, कडेने थेंब सोडला, आणि समाधानाने चहा गाळायला गेले.

संध्याकाळी लांबडी आणि चष्मिष बघायला आल्या होत्या. भिंगरीने ऐटीत दोरी ओढली. फट्‌. विझले.

"काल चालली होती म्हणे," लांबडी म्हणाली.

"खरंच चालली होती! आईला विचार!"

"हो हो, आणि परवा उडाली पण असेल."

चष्मिष मात्र गुडघ्यावर बसून माझ्याकडे पाहत होती. "अगं, तुझा ठिपका फिरलाय. रेघ इकडे, ठिपका तिकडे."

भिंगरीने सुई फिरवायला पेचकस लावला. सुई हलेना. तिने जोर लावला. हलेना. तिचा चेहरा पांढरा पडला. उद्या शनिवार होता, आणि माझा गळा कायमचा बंद झाला होता. तिने मैत्रिणींकडे पाहिले. "तुम्ही केलंत? माझी फजिती करायला?"

"वेड लागलंय का तुला? आम्ही आत्ता आलोय!"

"मग कोण? आजी? मांजर?"

नेमके तेव्हाच बाबा कामावरून आले. खांद्यावर पिशवी, चेहऱ्यावर थकलेले हसू. "काय गं, कसला आरडाओरडा? गाडी छान झाली की नाही? आता नाही हलणार तो स्क्रू. रोज सैल होत होता, मी रोज घट्ट करत होतो. आज निळा थेंबच लावून टाकला."

भिंगरीने पेचकस खाली ठेवला.

"बाबा," भिंगरी हळू आवाजात म्हणाली, आणि कुणाशी बोलताना तिचा एवढा हळू आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "तो स्क्रू नाहीये. तो नळ आहे."

"नळ?"

"इंधनाचा. तो अडीच फेरे सैलच ठेवायचा असतो. तुम्ही रोज हिचा श्वास बंद करत होतात."

बाबा वाकले. पेचकस हातात होता, पण त्यांनी तो लावला नाही. नुसते पाहत राहिले. "पण तो स्क्रूसारखा आहे," ते म्हणाले. "खाच आहे, आटे आहेत. सैल होता. सैल दिसला की मी..."

"मला विचारायचं तरी!" भिंगरीचा आवाज फुटला. "चार दिवस! मला वाटलं मी मूर्ख आहे. मला वाटलं मला मोजताच येत नाही!"

बाबांनी खाली पाहिले. एकवीस वर्षे लोकांना वर-खाली सुखरूप नेणारा माणूस, माझ्यासारख्या हातभर गाडीपुढे अपराध्यासारखा बसला होता. मला त्यांचा राग यायला हवा होता. येत नव्हता. हे सगळे फारच गोंधळाचे होते.

"टाकी रिकामी करा," आई म्हणाली. कुणी रडायला लागण्याच्या आत कामाला लावायचे, हे तिला दवाखान्याने शिकवले आहे. "आणि तो थेंब सुटतो कशाने?"

"उष्णतेने," बाबा म्हणाले. "पण सांभाळून."

टाकी रिकामी झाली, नळी पुसली, डबा दूर गेला. बाबांनी तारा जोडायची आपली छोटी सोल्डरिंगची दांडी आणली, तापवली आणि तिचे टोक सुईच्या डोक्यावर टेकवले. मोजून थोडा वेळ. मग उचलले. मग पुन्हा. तासभर ते तेच करत होते. लांबडी आणि चष्मिष घरी जायचे विसरल्या. भिंगरी आधी लांब तोंड करून उभी होती, मग जवळ आली, मग बाबांना प्रकाश दिसावा म्हणून टॉर्च धरून बसली.

"आता बघ," बाबा म्हणाले. पेचकस त्यांनी तिच्या हातात दिला.

कट्‌. सुई सुटली.

"मोज," बाबा म्हणाले. "तूच मोज. मला नको दाखवू."

शनिवारी सकाळी आधण ठेवून बाबा गॅलरीत आले. मी श्वास रोखला. त्यांचा हात माझ्यापर्यंत आला. अडीच फेरे सैल असलेली सुई त्यांच्या डोळ्यांना खुपत होती, मला ते दिसत होते. हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो खिशात घातला, आणि कुकरच्या दांड्याकडे गेले.

शाळेच्या मैदानावर निम्मी शाळा जमली होती. भंगारवाला फाटकापाशी हातगाडी लावून बिडी ओढत बसला होता. सर घड्याळ घेऊन उभे होते. बाबा कामावर उशिरा जायची परवानगी काढून आले होते, आई रात्रपाळी संपवून थेट.

भिंगरीने दोरी ओढली. चौथ्यांदा मी पेटले. फट्‌-फट्‌-बडबड. धुराचा असा लोट उठला की पहिली रांग खोकू लागली. तिने रिमोटचा घोडा जेमतेम स्पर्श केल्यासारखा दाबला, आणि मी निघाले. रांगत. अडखळत. भिंगरी माझ्या बाजूने चालत होती. हो, चालत. धावावे लागत नव्हते.

"गोगलगाय! गोगलगाय!" मुले ओरडू लागली.

"अगं, थोडी पळव ना!" लांबडी किंचाळली.

पहिला कोपरा झाला. दुसरा झाला. तिसऱ्या कोपऱ्यावर मी थकले. इंधन जास्त, जोर कमी. माझी बडबड हळू झाली. फट्‌... फट्‌... आणि मग बराच वेळ काहीच नाही... फट्‌.

"सुई घट्ट कर थोडी!" चष्मिष पळत आली. "अर्धा फेरा फक्त! पळेल ती! अगं, भंगारवाला उठलाय बघ!"

भिंगरीचा हात खिशातल्या पेचकसाकडे गेला. मी पाहिले. अर्धा फेरा घट्ट केला असता तर मी खरंच पळाले असते, किंचाळत, डोके भाजत, कदाचित शेवटचे. मी जिंकले असते की मेले असते, मला सांगता येत नाही.

तेवढ्यात मैदानाच्या पलीकडून एक आवाज आला. इतका मोठा, की सगळे वळले.

"हात लावू नकोस! सैलच राहू दे! सैल राहू दे तिला!"

ते बाबा होते. दोन्ही हात वर करून ओरडत होते. एकवीस वर्षांत ते वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नसेल.

भिंगरीने हात खिशातून बाहेर काढला. घोडा सोडला, मला थोडा दम घेऊ दिला, मग पुन्हा अलगद दाबला. एक मोठा ढग मागे टाकून मी पुढे सरकले. फट्‌-फट्‌. फट्‌-फट्‌-बडबड. शेवटची बाजू मी कशी पार केली, मला आठवत नाही. सरांच्या बुटाला माझे नाक लागले तेव्हा मला वाटले भिंतच आली.

"चालते," सर म्हणाले. त्यांनी यादी काढून माझे नाव खोडले. भंगारवाल्याने गोल घेतला, लोलक घेतला, आणि जाता जाता माझ्याकडे पाहून म्हणाला, "चांगली खोकते."

मी सुटले असे मला वाटले. पण सर भिंगरीला म्हणाले, "ऐक. हिला कपाटात परत ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. पुन्हा गंजेल आणि पुढच्या वर्षी पुन्हा यादीत येईल. दर शनिवारी सकाळी कुणी येऊन हिला चालवणार असेल तर ठेवतो. नाहीतर कुणाला तरी देऊन टाकू. सोमवारपर्यंत सांग."

मित्रांनो, भिंगरीला दर शनिवारी सकाळी गणिताचा क्लास असतो. त्या एका शनिवारची सुट्टी मिळवायलाच तिने फार विनवण्या केल्या होत्या. त्या क्लासमध्ये जागा मिळावी म्हणून तिची आई रात्रपाळीनंतर दोन तास रांगेत उभी राहिली होती. ती रांग खरी होती आणि मीही खरी आहे. यातले काय मोठे, हे ठरवायची अक्कल माझ्या आगपेटीएवढ्या इंजिनात नाही.

मला एवढेच कळते. नऊ वर्षे मला कुणी हात लावला नाही, त्याने मी गंजले. चार दिवस मला न विचारता हात लावला, त्याने मी जवळजवळ मेले. मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे काही असेल, यंत्र असो, झाड असो, नाहीतर माणूस असो, तर त्याला कपाटात ठेवू नका. आणि त्याचे काही सैल दिसले, तर घट्ट करण्याआधी ते सैल का आहे, एवढे तरी विचारा. काळजी घेणाऱ्याच्या हातूनही गळा बंद होतो. मी शपथेवर सांगते.

रविवारी दुपारी जेवणे झाल्यावर मी टेबलावर होते. भिंगरी माझ्या इंजिनात तेलाचे दोन थेंब सोडत होती. आई डाळीचे पातेले झाकत होती, बाबा पाणी पीत होते. भिंगरीने तेलाची बाटली बंद केली, हात पुसले आणि म्हणाली,

"आई, बाबा, बसा दोघं. मी ठरवलंय. शनिवारचा क्लास मी सोडतेय. गणित घरी करणार, रोज एक तास, बाबा तपासतील. चाचणीत मार्क कमी झाले तर क्लास परत लावा, मी एक शब्द बोलणार नाही. पण शनिवारची सकाळ हिची आहे. मी विचारत नाहीये. सांगतेय."